शस्त्राविना सैनिक : डेस्मंड डॉस यांचे चरित्र वर्गात सांगताना

चौथ्या इयत्तेतील मुले शिवचरित्र शिकतात. बाजीप्रभूंची खिंड, तानाजींचा कोंढाणा आणि मुरारबाजींचा पुरंदर या प्रसंगांनी त्यांची मने भारून गेलेली असतात. वीर म्हणजे ज्याच्या हाती तलवार तो, अशी एक साधी व्याख्या या वयात मुलांच्या मनात आपोआप तयार होते. ती खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे, आणि अपुरी व्याख्या पुढे आयुष्यभर तशीच राहिली तर ती खोटी ठरू लागते. ही व्याख्या रुंद करण्यासाठी शिक्षकाने कोणत्याही वीराला लहान करण्याचे कारण नाही. त्याच्या शेजारी आणखी एक वीर आणून उभा करावा, म्हणजे काम होते.

त्यासाठी अमेरिकेतील डेस्मंड डॉस यांचे चरित्र फार उपयोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते, तीन रणक्षेत्रांवर गेले, आणि आपल्याकडील परमवीरचक्राच्या तोलाचे त्यांच्या देशातील सर्वोच्च पदक त्यांना मिळाले. असे असूनही त्यांनी शत्रूवर एकही गोळी झाडली नाही. बंदूक हाती घेण्यासच त्यांनी नकार दिला होता. पुढे ८७ वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. त्या आयुष्यात युद्धाचा काळ जेमतेम तीन वर्षांचा आहे. उरलेली वर्षे कुटुंबाची, आजारपणाची आणि श्रद्धेची आहेत. चरित्र सांगताना या उरलेल्या वर्षांना शिक्षकाने विसरू नये.

डेस्मंड यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९१९ रोजी व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. आई घर सांभाळून जोड्यांच्या कारखान्यात कामास जात असे. एक थोरली बहीण, एक धाकटा भाऊ. असे हे कष्टकरी माणसांचे घर होते. ख्रिस्ती धर्मातील ‘सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट’ नावाच्या पंथाचे संस्कार या घरावर होते. हा पंथ १८६३ साली अमेरिकेत संघटित झाला. बहुतेक ख्रिस्ती लोक रविवार हा विश्रांतीचा आणि उपासनेचा दिवस मानतात. या पंथाचे लोक शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळतात. आपल्याकडे हा पंथ अगदीच अपरिचित नाही. पुण्याची स्पायसर ही शिक्षणसंस्था याच पंथाची.

घरातील भिंतीवर बायबलातील दहा आज्ञांचे एक चौकटीत बसविलेले चित्र टांगलेले होते. वडिलांनी ते एका लिलावात विकत घेतले होते. प्रत्येक आज्ञेशेजारी एकेक लहान चित्र होते. हत्येचा निषेध करणाऱ्या सहाव्या आज्ञेजवळ काइन हा आपला भाऊ हाबेल याला मारून त्याच्यावर उभा आहे, असे दृश्य रेखाटले होते. लहानगा डेस्मंड खुर्ची ओढून तिच्यावर चढे आणि ते चित्र पुन्हा पुन्हा निरखून पाही. भाऊ भावाला कसा मारू शकतो, हे कोडे त्याला सुटेना. ही आठवण डॉस यांनी स्वतः वृद्धपणी अनेकदा सांगितली आहे. भिंतीवरच्या एका तसबिरीने एका मुलाचे आयुष्य वळविले, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्या शाळांच्या भिंतींवर आपण काय टांगतो आणि ते मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असते की छताजवळ, याचा विचार क्वचितच होतो.

दुसरी आठवण याहून कडवट आहे. वडील आणि एक नातेवाईक यांच्यात दारूच्या अमलाखाली भांडण पेटले आणि पिस्तूल बाहेर निघाले. आईने मध्ये पडून ते काढून घेतले आणि डेस्मंडच्या हाती देऊन दूर लपवून ठेवण्यास सांगितले. त्या दिवसानंतर शस्त्र हाती धरावयाचे नाही, असे त्याने मनाशी ठरविले. हा प्रसंग लहान मुलांना सांगावा की नाही, हे शिक्षकाने आपला वर्ग पाहून ठरवावे. ज्यांच्या घरी असे प्रसंग घडतात अशी मुले बहुधा प्रत्येक वर्गात असतात. त्यांना तो प्रसंग दुखवू शकेल, आणि कदाचित धीरही देऊ शकेल. सांगावयाचे झाल्यास थोडक्यात सांगावे, आणि त्या वेळी कोणा एका मुलाकडे पाहू नये.

आर्थिक मंदीच्या काळात डेस्मंडने आठवीनंतर शाळा सोडली. घराला हातभार लावण्यासाठी तो लाकडाच्या वखारीत आणि पुढे न्यूपोर्ट न्यूज येथील जहाजबांधणीच्या गोदीत काम करू लागला. युद्ध सुरू झाल्यावर गोदीतील कामगार म्हणून सैन्यभरतीतून सूट मिळण्याची सोय त्याला होती. ती त्याने घेतली नाही. १ एप्रिल १९४२ रोजी तो सैन्यात दाखल झाला. त्याच वर्षी १७ ऑगस्टला डोरोथी शुटे हिच्याशी त्याचा विवाह झाला. तिने भेट दिलेले खिशात मावणारे एक लहान बायबल पुढे सर्व रणक्षेत्रांवर त्याच्यासोबत होते.

येथे थोडे थांबून एक गोष्ट समजावून सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेत १९४० साली सैन्यभरतीचा जो कायदा झाला, त्यात ज्यांची धर्मश्रद्धा युद्धाच्या विरुद्ध आहे अशांसाठी दोन वाटा ठेवलेल्या होत्या. ज्यांना सैन्याचा संबंधच नको त्यांनी नागरी सेवेच्या छावण्यांतून जंगलांत, शेतांत किंवा इस्पितळांत काम करावे; आणि ज्यांना सैन्य चालते पण शस्त्र चालत नाही त्यांनी सैन्यात राहून निःशस्त्र काम करावे. डॉस दुसऱ्या वर्गात मोडत. परंतु कागदोपत्री अशा माणसांना जे नाव होते त्याचा अर्थ ‘सद्सद्विवेकाने विरोध करणारा’ असा होई, आणि ते नाव डॉस यांना कधीच रुचले नाही. आपला देशाला विरोध नाही, सहकार्यच आहे; फक्त ते शस्त्राविना आहे, असे ते म्हणत. त्यांनी वैद्यकीय सेवकाचे काम मागून घेतले.

कायद्याने दिलेला हक्क बराकीत मिळतोच असे नाही. ७७ व्या पायदळ डिव्हिजनमधील ३०७ व्या रेजिमेंटमध्ये त्यांची नेमणूक झाली, आणि तेथे त्यांचे हाल सुरू झाले. रात्री ते बिछान्याशेजारी गुडघे टेकून प्रार्थना करू लागले की इतर शिपाई बूट फेकून मारीत. एकाने तर रणांगणावर गेल्यावर आपणच तुला मारू, असे बजावले होते. शनिवारी काम न करण्याबद्दल आणि बंदुकीचे शिक्षण न घेण्याबद्दल वरिष्ठांचाही रोष होता. लष्करी न्यायालयाची धमकी झाली. मनाने अयोग्य ठरवून घरी पाठविण्याची खटपट झाली. घरी जाण्याची ही संधी डॉस यांनी नाकारली. धर्म पाळतो म्हणून मला वेडा ठरविले जात असेल तर ते मला मान्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शनिवारच्या रजेच्या बदल्यात ते रविवारी दुप्पट काम करीत, आणि आजारी जवानांची सेवा मात्र शनिवारीही करीत. ख्रिस्ताने शब्बाथच्या दिवशी रोग्यांना बरे केले होते, हा त्यांचा आधार.

या भागात शिक्षकाचा आवाज चढता कामा नये. छळ करणारे शिपाई दुष्ट होते असे चित्र मुलांपुढे उभे राहिले तर पाठ बिघडला असे समजावे. ती बहुतेक विशीतली, घरापासून तोडलेली, मरणाला सामोरी निघालेली मुले होती. जो माणूस आपल्या शेजारी बंदूक घेऊन उभा राहणार नाही, त्याच्यावर आपला जीव कसा सोपवावा, ही त्यांची शंका खोटी नव्हती. त्या शंकेचे उत्तर शब्दांनी देता येण्यासारखेही नव्हते.

उत्तर प्रथम १९४४ साली ग्वाम बेटावर आणि त्यानंतर फिलिपाईन्समधील लेटे बेटावर मिळू लागले. पॅसिफिकमधील युद्धात वैद्यकीय सेवकांनाच नेम धरून टिपले जाई, म्हणून रेडक्रॉसची पट्टी दंडावर न बांधताच हे सेवक फिरत. गोळ्यांच्या वर्षावात जखमी माणसाकडे सरपटत जाणारा हा शिपाई पाहून पलटणीचे मत बदलत गेले. या दोन मोहिमांतील कामगिरीबद्दल त्यांना ब्राँझ स्टार पदके मिळाली. हे टप्पे वर्गात झटपट सांगून ओकिनावाकडे वळावे.

ओकिनावाची लढाई १ एप्रिल ते २२ जून १९४५ अशी सुमारे बारा आठवडे चालली. नकाशावर जपानच्या मुख्य बेटांच्या नैर्ऋत्येस हे बेट मुलांना दाखवावे. बेटाच्या दक्षिण भागात मायेदा नावाचा एक कडा आहे. पदकाच्या मानपत्रात त्याची उंची ४०० फूट दिलेली आहे. त्यातील वरचा, सुमारे ३५ फुटांचा भाग उभा तुटलेला होता. ज्यांनी रायगडावरील हिरकणी बुरूज पाहिला आहे, त्यांना या जागेची कल्पना लगेच येईल. तो पाहिलेला नसल्यास गावाजवळील एखाद्या दगडखाणीचा कडा दाखवावा. कड्याच्या माथ्यावर जपानी सैनिकांनी भुयारे आणि गुहा खणून ठाणी केली होती. अमेरिकन सैनिकांनी दोरांच्या जाळ्या लावून कडा चढावा आणि माथ्यावरून गोळ्यांचा मारा होऊन खाली फेकले जावे, असे अनेकदा घडले.

मे महिन्याच्या आरंभीची ती मुख्य घटना. मानपत्रातील घटनांचा क्रम थोडा निराळा असला तरी डॉस यांच्या आठवणीप्रमाणे तो दिवस शनिवार, ५ मे १९४५ हा होता. शब्बाथचा दिवस आणि तुकडीबरोबर जाण्याजोगा दुसरा वैद्यकीय सेवक नाही. कॅप्टनने आज्ञा केली नाही, विचारले. ज्याला एकेकाळी तुकडीतून घालवून देण्याची खटपट झाली, त्याच माणसाची प्रार्थना संपेपर्यंत आता चढाई थांबवून धरली गेली. या दोन प्रसंगांमधील अंतर मुलांच्या लक्षात आणून द्यावे. त्यासाठी वेगळे भाष्य करावे लागत नाही.

माथ्यावर पोहोचताच तोफा, उखळी तोफा आणि मशीनगन यांचा भडिमार झाला. सुमारे ७५ माणसे जखमी होऊन पडली. उरलेल्यांना मागे हटण्याचा हुकूम झाला आणि ते कड्याखाली उतरले. डॉस उतरले नाहीत. एकेका जखमी सैनिकाला ओढत किंवा उचलून ते कड्याच्या काठापर्यंत आणीत, दोराला बांधीत आणि खाली सोडीत. खाली उभे असलेले सोबती त्याला सोडवून घेत. काही तास हे काम चालले. प्रत्येक खेपेनंतर ते देवाजवळ एवढेच मागत की, आणखी एकाला आणता येऊ दे.

दोराच्या गाठीची गोष्ट मुलांना फार आवडेल. डोंगर चढण्याच्या शिक्षणाच्या वेळी डॉस ‘बोलाइन’ नावाची गाठ मारण्यास शिकले होते. बालवीर पथकांतून ती आजही शिकविली जाते. ओझे लागले तरी तिचा फास आवळत नाही आणि सुटतही नाही. एकदा दोर दुहेरी धरून ती गाठ मारली असता एकाऐवजी दोन फास तयार झाल्याचे त्यांना दिसले. तेव्हा तो केवळ एक गमतीचा शोध होता. ओकिनावाच्या कड्यावर ते दोन फास जखमी माणसाच्या दोन पायांत अडकवून, तिसरा वेढा छातीभोवती घेऊन, शुद्ध हरपलेल्या माणसालाही सुखरूप उतरविता आले. शाळेत शिकलेली कोणती गोष्ट केव्हा उपयोगी पडेल हे सांगता येत नाही, असे शिक्षक मुलांना नेहमी सांगतो. मुले त्यावर फारसा विश्वास ठेवीत नाहीत. येथे पुरावा आहे.

किती माणसे वाचली? चढाईस गेलेली माणसे १५५, आपल्या पायांनी परत आलेली ५५. म्हणून अधिकाऱ्यांनी १०० हा आकडा धरला. डॉस म्हणाले, इतकी माणसे उतरविण्यास वेळच नव्हता, ५० पेक्षा अधिक नसतील. शेवटी दोन्हींच्या मधला ७५ हा आकडा मानपत्रात लिहिला गेला. गणिताच्या तासाला ही सरासरी मुलांकडून काढून घ्यावी. मान देणारे आकडा वाढवितात आणि मान घेणारा तो कमी करतो, अशी उदाहरणे इतिहासात तुरळकच सापडतात.

यानंतरही लढाई चालूच होती. एका गुहेच्या तोंडाशी चार जखमी सैनिक पडले होते. शत्रूपासून अवघ्या आठ यार्डांवर जाऊन, हातगोळ्यांच्या माऱ्यात चार वेगवेगळ्या खेपा करून डॉस यांनी त्यांना आणले. २१ मे रोजी शुरीजवळ रात्रीच्या हल्ल्यात हातगोळा फुटून त्यांचे पाय जबर जखमी झाले. दुसऱ्या सेवकाला आडोशातून बाहेर बोलावले तर त्याच्या जिवाला धोका, म्हणून आपली मलमपट्टी आपणच करून ते पाच तास तसेच पडून राहिले. डोली आली. वाटेत अधिक जखमी माणूस दिसताच ते डोलीतून सरपटत खाली उतरले आणि त्याला आधी न्यावयास लावले. ते वाट पाहत असताना एक गोळी त्यांच्या हाताचे हाड मोडून गेली. तेव्हा त्यांनी बंदुकीचा एक दस्ता घेतला, फळीसारखा मोडक्या हाताला बांधला आणि ३०० यार्ड सरपटत मदतकेंद्र गाठले. संपूर्ण युद्धात बंदूक त्यांच्या उपयोगास आली ती एवढीच.

इस्पितळात गेल्यावर आपले बायबल रणांगणावर पडल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी निरोप धाडला. प्रार्थनेच्या वेळी बूट फेकणाऱ्या त्या पलटणीतील माणसांनी रणभूमी धुंडाळून ते लहानसे पुस्तक शोधून काढले आणि टपालाने त्यांना पाठवून दिले. १२ ऑक्टोबर १९४५ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी ‘मेडल ऑफ ऑनर’ हे पदक त्यांना दिले. शस्त्र न धरणाऱ्या सैनिकाला ते मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढे व्हिएतनामच्या युद्धात अशा आणखी दोघांना ते मरणोत्तर मिळाले. वर्गात पदकापेक्षा बायबलाच्या शोधाला अधिक वेळ द्यावा.

पुष्कळ चरित्रे पदकापाशी संपतात. हे चरित्र तेथे संपवू नये, कारण डॉस यांची खरी कसोटी त्यानंतर लागली असे म्हणावयास जागा आहे. कड्यावरील प्रसंग काही तासांचा होता. पुढील आजार साठ वर्षे पुरला.

लेटे बेटावर जडलेला क्षय १९४६ साली उघडकीस आला. त्याच वर्षी त्यांना मुलगा झाला. म्हणजे घरात तान्हे मूल आणि बाप क्षयाच्या इस्पितळात, अशी स्थिती. उपचारांची साडेपाच वर्षे गेली. एक फुप्फुस आणि पाच बरगड्या काढाव्या लागल्या. १९५१ साली ते सैन्यातून मुक्त झाले तेव्हा ९० टक्के अपंग ठरलेले होते. सुतारकाम, गोदीतील काम, जड ओझे उचलणे, हे सारे हातचे गेले. ज्या माणसाने एका दिवसात कित्येक माणसे खांद्यावर वाहिली, त्याला आता आपले शरीर वाहणे कठीण झाले. जॉर्जिया राज्यातील रायझिंग फॉन या लहान गावी डोंगराच्या आश्रयाने त्यांनी थोडी शेती केली, कुटुंब सांभाळले, आणि पंथाच्या तरुण मंडळींत काम केले. १९७६ साली औषधांच्या अतिरिक्त मात्रेमुळे त्यांची श्रवणशक्ती गेली. बारा वर्षे ते पूर्ण बहिरे होते. १९८८ साली शस्त्रक्रियेने कानात यंत्र बसविल्यावर काही ऐकू येऊ लागले.

डोरोथी या सर्व काळात त्यांच्याबरोबर होती. विवाहानंतर तीन वर्षे नवरा रणांगणावर आणि छावणीत, त्यापुढील साडेपाच वर्षे इस्पितळात, आणि मग कायमचा अपंग; अशा संसाराला कोणी पदक देत नाही. सातारा जिल्ह्यातील ‘मिलिटरी’ हे नाव मिरविणाऱ्या अपशिंग्यासारख्या गावांत आणि महाराष्ट्रातील शेकडो खेड्यांत ही गोष्ट घरोघर ठाऊक आहे. नवऱ्याची मनीऑर्डर आणि पत्र यांवर दिवस काढणाऱ्या, सासूसासऱ्यांचे आणि शेतीचे सारे पाहणाऱ्या स्त्रिया शिक्षकाच्या रोजच्या ओळखीच्या असतात. त्यांची मुले त्याच्या वर्गात बसलेली असतात. डोरोथीविषयी सांगताना त्या मुलांचे चेहरे उजळलेले शिक्षकाला दिसतील.

१७ नोव्हेंबर १९९१ रोजी, कर्करोगाच्या उपचारासाठी डॉस तिला मोटारीने इस्पितळात नेत असता अपघात झाला आणि डोरोथी मरण पावली. गाडी ते स्वतःच चालवीत होते. ज्याने इतक्यांना वाचविले त्याला हिला वाचविता आले नाही. लहान मुलांना हा भाग एका वाक्यात सांगावा; मोठ्या मुलांपुढे तो लपवू नये. १९९३ साली त्यांनी फ्रान्सिस ड्यूमन यांच्याशी दुसरा विवाह केला. २३ मार्च २००६ रोजी अलाबामा राज्यातील पीडमाँट येथे त्यांचे निधन झाले आणि चॅटनूगा येथील सैनिकांच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

आपल्या जीवनावर चित्रपट काढू देण्यास डॉस यांनी अनेक वर्षे नकार दिला. आपल्या श्रद्धेचे चित्र भलतेच रंगविले जाईल, ही त्यांना भीती होती. अखेरीस एक माहितीपट त्यांच्या हयातीत, २००४ साली झाला. ‘हॅकसॉ रिज’ हा मोठा चित्रपट त्यांच्या मृत्यूनंतर, २०१६ साली निघाला. तो पुष्कळांनी पाहिलेला असेल. त्यात काही प्रसंग कल्पनेने बदललेले आहेत आणि रणांगणाची दृश्ये इतकी भयंकर आहेत की प्राथमिक शाळेतील मुलांना तो दाखविणे योग्य होणार नाही. चांगल्या रीतीने सांगितलेली गोष्ट या वयात अधिक खोल उतरते.

आता पाठातील सर्वांत अवघड जागा. एखादा हुशार विद्यार्थी विचारील : गुरुजी, सर्वांनीच बंदूक टाकली असती तर? किंवा एखादी मुलगी विचारील : बाई, डॉस यांना गोळी लागू नये म्हणून दुसरे कोणी गोळी झाडीतच होते ना? हे प्रश्न आले नाहीत तर शिक्षकाने ते आपण होऊन काढावेत, आणि आले तर टाळू नयेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ ‘होय’ असे आहे. मशीनगनचा मारा थोपवून धरणारे बंदूकधारी सोबती होते म्हणून पुष्कळ वेळा डॉस यांना जखमींपर्यंत जाता आले, आणि हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते. म्हणूनच बंदूक धरणाऱ्यांना त्यांनी कधी पापी म्हटले नाही, किंवा आपली श्रद्धा त्यांच्यावर लादली नाही. आपल्या हातांनी काय करावयाचे एवढ्यापुरताच त्यांचा आग्रह होता. सीमेवर उभ्या असलेल्या आपल्या जवानांचे शौर्य या चरित्राने उणे होते, असा समज वर्गात राहू देऊ नये. त्याच वर्गात कोणाचा बाप, कोणाचा भाऊ लष्करात असतो.

पहिल्या प्रश्नाला मात्र तयार उत्तर नाही. गांधीजींनीही बोअर युद्धाच्या वेळी दक्षिण आफ्रिकेत सुमारे ११०० हिंदी लोकांचे शुश्रूषापथक उभारले होते आणि जानेवारी १९०० मधील स्पिऑन कॉपच्या लढाईत त्या पथकाने जखमींच्या डोल्या वाहिल्या होत्या. तेव्हापासून जन्मभर त्यांनाही असेच प्रश्न विचारण्यात आले आणि प्रत्येकाला त्यांनी एकच उत्तर दिले नाही. शिक्षकाने दोन्ही बाजू मांडून मुलांना बोलू द्यावे. वादविवाद अपुरा राहिला तरी चालेल.

शत्रूचे चित्र रंगवितानाही जपावे. त्या कड्यावर जपानी सैनिकही हजारोंनी मेले, आणि ओकिनावाच्या लढाईत सुमारे एक लाख सामान्य रहिवासी बळी पडले असावेत असा अंदाज आहे. त्यांत शाळकरी मुले होती. १९९५ साली त्या बेटावर शांतीचे एक स्मारक उभारण्यात आले. त्याच्या काळ्या शिळांवर जपानी, अमेरिकन, कोरियन, सैनिक, शेतकरी, स्त्रिया, मुले, अशा दोन लाख चाळीस हजारांहून अधिक मृतांची नावे एकत्र कोरलेली आहेत. मित्र कोण आणि शत्रू कोण, असा भेद त्यात ठेवलेला नाही.

हा पाठ दोन तासिकांत विभागावा. पहिल्या तासिकेत भिंतीवरील चित्रापासून कड्यापर्यंतचा भाग सांगावा आणि मुलांना कड्यावर सोडूनच घंटा होऊ द्यावी. दुसऱ्या तासिकेत पुढील जीवन आणि चर्चा घ्यावी. गावात सेवानिवृत्त जवान असल्यास त्या दिवशी त्यांना शाळेत बोलवावे. लढाईच्या गोष्टी त्यांना सर्वच विचारतात. मुलांनी त्यांना असे विचारावे की, जखमी झालेल्या माणसाला तुमच्या पलटणीत कोण उचलीत असे, आणि त्या वेळी घरी कोण काय करीत होते. उत्तरे मुलांनी वहीत लिहून घ्यावीत.

दोराची गाठ प्रत्यक्ष करून दाखविता आली तर उत्तम. त्यासाठी बैलगाडीचा जुना कासरा पुरतो. शाळेपुढील झाडाच्या फांदीवरून दोर टाकून तो मुलांकडून ओढवून घ्यावा. परंतु टोकाला मूल न बांधता वाळूने भरलेले पोते बांधावे, आणि खाली उभे राहून कोणी ते झेलू नये. पोते खाली टेकल्यावर गाठ सुटली नाही, हे प्रत्येक मुलाने जवळ येऊन पाहावे. नंतर ती गाठ सर्वांनी आपापल्या हातांनी मारून पाहावी. डावखुऱ्या मुलांना थोडा अधिक वेळ द्यावा.